जयंती विशेष : लहान गोळीचा मोठा शिकारी, जिम कॉर्बेट

वाघाचा विषय आपल्या भागात कधी जुना होत नाही. मोहफुलं वेचायचे दिवस आले, तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की गावोगावी एकच बोलणं, कुठे दिसला, कोणत्या नाल्याकडे गेला, कोणाचं ढोर नेलं. आणि वाघावर बोलणं सुरू झालं की पारावरचा कोणी ना कोणी म्हातारा जिम कॉर्बेटचं नाव काढतोच. मराठीत त्याच्या गोष्टी कधीच्या आल्या आहेत. शाळेच्या लायब्ररीतल्या त्या पुस्तकाची पानं सुटेपर्यंत आमच्या पिढीने ती वाचली.

२५ जुलै हा कॉर्बेटचा जन्मदिवस. त्याच्यावर लिहिणारे बहुतेक जण त्याचं धाडस सांगतात. ते खरंच आहे. पण आज जरा वेगळ्या बाजूने त्याच्याकडे पाहू. हा माणूस कोणती बंदूक वापरत होता, त्यातली गोळी केवढी होती, आणि ती निवडण्यामागे काय विचार होता? हा प्रश्न शौकिनांचा वाटेल, पण तसा तो नाही. चुकीच्या गोळीने जखमी झालेलं जनावर पुढे किती माणसं खातं, याचा हिशोब कॉर्बेटने आयुष्यभर मांडला.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट १८७५ साली नैनितालला जन्मला. वडील तिथले पोस्टमास्तर. घरात पोरांचं खटलं मोठं. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत खाली तराईतलं कालाढुंगी, अशी वर्षाची वाटणी. १८८१ मध्ये वडील गेले तेव्हा जिम सहा वर्षांचासुद्धा झाला नव्हता. आईने एकटीने संसार ओढला. पैसा बेताचा. त्यामुळे या पोराच्या हातात पहिल्यांदा आली ती गुलेल. चिमण्या-पाखरं टिपता टिपता नेम बसला. कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहिणाऱ्या एका नातलगाला त्याने पाखरं मारून आणून दिली, आणि त्या बदल्यात त्याला मिळाली एक जुनी दुनळी, ठासणीची बंदूक.

बंदूक म्हणायची एवढंच. दारू जास्त भरल्यामुळे तिची उजवी नळी कधीतरी फुटली होती, चांगली वीतभर चिरली होती. दस्ता आणि नळ्या पितळी तारेने बांधून एकत्र ठेवल्या होत्या. आपल्याकडेही पीकसंरक्षणाच्या परवान्यावरच्या अशा तार गुंडाळलेल्या बंदुका जुन्या लोकांनी पाहिल्या असतील. पोराने ती बंदूक कुंवरसिंगला दाखवली. कुंवरसिंग हा जवळच्या चांदनी चौक गावचा ठाकूर, गावचा मुखिया, आणि पक्का चोरटा शिकारी. त्याने फुटक्या नळीची हळहळ केली नाही, डावी नळी शाबूत आहे हे पाहिलं आणि पोराला जंगलात घेऊन गेला. जंगलात कसं चालायचं, कुठे बसायचं, कोणत्या आवाजाचा काय अर्थ, हे कॉर्बेट त्याच्याकडून शिकला.

ठासणीच्या बंदुकीचा एक गुण आहे. ती माणसाला कंजूष बनवते. दारू मोजून भरायची, वर बोळा ठासायचा, मग छर्रे, मग पुन्हा बोळा, मग टोपी. एक बार फुकट गेला की पुढच्या बाराला वेळ लागतो, तोवर सावज डोंगरापलीकडे. ज्याच्याकडे एकच चांगली नळी आणि मोजकी दारू आहे तो उगाच बार काढत नाही. जवळ जातो, थांबतो, खात्री करतो. पुढे हातात उत्तम रायफली आल्या तरी त्याची ही सवय टिकली.

दहा वर्षांचा असताना नैनितालच्या सुखाताल मैदानावर शाळेच्या कॅडेटांची नेमबाजी झाली. तिथल्या सार्जंट मेजरने या पोराला पॉइंट ४५० ची मार्टिनी रायफल वापरायला दिली, काडतुसंही दिली. अट एकच. रायफल स्वच्छ ठेवायची आणि रिकाम्या पुंगळ्या परत आणून द्यायच्या. म्हणजे फुकट मिळालेल्या काडतुसांचासुद्धा हिशोब आलाच. मार्टिनी म्हणजे जाड शिशाची गोळी, काळी दारू, आणि खांद्याला असा दणका की मोठा माणूससुद्धा दचकावा. बार काढला की समोर धुराचा पडदा. याच रायफलीने त्याने आपला पहिला बिबट्या मारला. धुरामुळे गोळी कुठे लागली ते दिसलं नाही, बिबट्या डोक्यावरून उडी मारून गेला आणि खडकावर रक्त सांडलं. दहा वर्षांचं पोर त्या रक्ताच्या मागावर एकटं गेलं आणि काम पुरं करून आलं. जखमी जनावर मागे सोडायचं नाही हा त्याचा नियम इथून सुरू झाला.

पुढची वर्षं भराभर सांगतो, कारण तो काळ नोकरीचा आहे. अठराच्या आसपास बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत लागला, इंजिनांच्या जळणासाठी लाकूड तोडून घेण्याच्या कामावर. मग बिहारमध्ये गंगेकाठी मोकामा घाटावर माल उतरवून चढवायचं कंत्राट घेतलं आणि वीसेक वर्षं तिथेच काढली. मजुरांबरोबर स्वतः कोळसा उचलला. शिकार हा त्याचा धंदा कधीच नव्हता. नरभक्षक मारण्याचे पैसे त्याने घेतले नाहीत, आणि ज्या जनावरावर बक्षीस लावलंय त्याच्या मागे इतर शिकारी फिरत असतील तर तो जायलाच तयार नसे. अंधारात एकाची गोळी दुसऱ्याला लागायची भीती!

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीचं बोलावणं आलं. नेपाळात २०० आणि कुमाऊंत २३६, मिळून ४३६ माणसं तिच्या नावावर होती. बायका गवत कापायला जाईनात, दारं दिवसाही बंद. चंपावतच्या तहसीलदाराने हाकाऱ्यासाठी माणसं जमवली, सुमारे ३०० जमली. परवाना नसलेली हत्यारं त्या दिवसापुरती बघायची नाहीत आणि दारूगोळा आपण पुरवू, असं तहसीलदाराने जाहीर केलं, तशा घराघरातून लपवलेल्या बंदुका बाहेर आल्या. (तहसीलदार असावा तर असा, असं आमच्या एका मास्तरांचं मत होतं.)

कॉर्बेटकडे पॉइंट ५०० ची दुनळी रायफल होती. गोळी मोठी, मार जबर. पण काडतुसं किती नेली? फक्त तीन. वाघावर दोनच बार काढायला मिळतात, तिसरं अडीअडचणीला, असा त्याचा हिशोब. हाकारा सुरू झाला, वाघीण निघाली, आणि तहसीलदाराने आपल्या छऱ्याच्या बंदुकीचे दोन्ही बार लांबून काढले. वाघीण फिरली. कॉर्बेटने लांबून एक गोळी टाकली ती वाया गेली. उरली दोन. ती दोन्ही जवळून लागली, पण वाघीण पडली नाही. ती खडकावर उभी, याची रायफल रिकामी, आणि मागे ३०० माणसांचा जीव.

तो धावत तहसीलदाराकडे गेला, त्याची बंदूक हिसकून घेतली आणि परत आला. जवळ गेल्यावर बघतो तर काय, त्या बंदुकीच्या नळ्या आणि मागचा ठोकळा यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट! बार काढला तर आपलाच डोळा जायचा. तरी त्याने वाघिणीच्या उघड्या तोंडावर नेम धरला. अंतर वीस फूट. गोळी तोंडात गेलीच नाही, ती लागली उजव्या पंजाला. वाघीण मेली ती आधीच्या दोन गोळ्यांनी, आणि नेमकी त्याच क्षणी. पंजातली ती शिशाची गोळी त्याने नंतर नखाने उकरून काढली.

मग त्याने तिचं तोंड उघडून पाहिलं. उजव्या बाजूचे दोन्ही सुळे तुटलेले, वरचा अर्धा, खालचा थेट हाडापर्यंत. जुन्या बंदुकीच्या गोळीचा घाव. सुळे गेले म्हणून तिला नेहमीचं सावज धरता येईना, आणि माणूस धरायला सुळ्यांची एवढी गरज लागत नाही. कोणीतरी कधीतरी एक बार काढला, तो नीट बसला नाही, मागावर कोणी गेलं नाही. त्याचा हिशोब ४३६.

कॉर्बेटने पुढे लिहून ठेवलं की वाघ नरभक्षक होतो तो दहापैकी नऊ वेळा जखमेमुळे आणि एखाद्या वेळी म्हातारपणामुळे. प्रत्येक जखम बंदुकीचीच असते असं नाही. मुक्तेश्वरच्या वाघिणीचा एक डोळा साळिंदराने घालवला होता आणि पुढच्या पायात ५० च्या आसपास काटे मोडून राहिले होते. २४ माणसं तिने मारली. पण साळिंदराला कोण काय सांगणार? बंदूकवाल्याला सांगता येतं.

चंपावतच्या कामगिरीबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन हेवेट यांनी कॉर्बेटला एक रायफल भेट दिली. लंडनच्या रिग्बी कंपनीची, पॉइंट २७५ ची. दस्त्यावर चांदीची पट्टी, तिच्यावर चंपावतची नोंद. गंमत म्हणजे दरबारात तहसीलदारालाही नवीन बंदूक मिळाली. ती फट सरकारच्याही लक्षात आली असावी.

आता गोळीचं बोलू. पॉइंट २७५ म्हणजे इंचाचा तेवढा भाग, साधारण ७ मिलिमीटरची नळी. करंगळीसुद्धा आत जाणार नाही. हे काडतूस मुळात जर्मनीच्या माउझरचं, ७ बाय ५७, बोअर युद्धात बोअर शेतकऱ्यांनी इंग्रजांना ज्याने हैराण केलं तेच. इंग्रजी दुकानदाराने त्याला इंग्रजी नाव दिलं. त्यातली गोळी ९ ते ११ ग्रॅमची. कॉर्बेटकडे दुसरी एक जेफरी कंपनीची दुनळी होती, पॉइंट ४५० / ४००, तिची गोळी सुमारे २६ ग्रॅमची. म्हणजे एकीकडे अडीच पट वजन. वाघासारख्या जनावराला मोठीच गोळी पाहिजे असं त्या काळचे साहेब लोक सांगत, आणि ते चूक होतं असं नाही.

पण लहान नळीचे फायदे सरळ आहेत. रायफल हलकी, डोंगरात दिवसभर खांद्यावर घेऊन फिरता येते. धक्का कमी, म्हणून बार काढताना डोळा मिटत नाही आणि नेम हलत नाही. गोळीचा वेग जास्त, त्यामुळे लांबवर ती सपाट जाते, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी चालतं. आणि काडतूस हलकं नि स्वस्त, म्हणून सराव जास्त होतो. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या रायफलीचा दणका आणि काडतुसाची किंमत यामुळे अनेक हौशी लोक वर्षातून चार बारसुद्धा काढत नसत, आणि थेट वाघासमोर पाचवा काढत.

तोटाही तेवढाच सरळ. लहान गोळी चुकीच्या जागी लागली तर ती मोठ्या गोळीसारखी जनावराला जागेवर बसवत नाही. जागा चुकली की जखमी जनावर गेलं झाडीत. म्हणून लहान गोळी वापरणाऱ्याला जनावराच्या आतलं सगळं माहीत पाहिजे, काळीज कुठे, मणका कुठे, खांद्याचं हाड कुठून आडवं येतं.

त्यातही गोळीची जात. एक असते पूर्ण मुलामा असलेली, शिशावर तांबं-निकेलचं कवच टोकापर्यंत. ती फुटत नाही, पसरत नाही, सरळ आरपार जाते. मैदानावरच्या सरावाला हीच, फौजेलाही हीच. दुसरी नरम टोकाची. पुढचं शिसं उघडं, लागताच छत्रीसारखं फुलतं आणि आत मोठी जखम करतं. कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यात १८९० च्या दशकात फौजेसाठी अशी गोळी बनली, म्हणून जगभर तिला दमदम गोळी म्हणतात. माणसावर ती वापरायची नाही असं १८९९ साली हेगला ठरलं. शिकारीत मात्र ती राहिली, कारण कवचवाली गोळी हरणा-वाघाच्या अंगातून सुईसारखी निघून जाते, रक्त कमी पडतं, जनावर मैलभर पळतं आणि मग कुठेतरी तडफडत मरतं, किंवा मरत नाही. उलट नरम गोळी वेगात खांद्याच्या जाड हाडावर आपटली तर वरच्यावर चुरा होते. म्हणजे कोणती गोळी हा प्रश्न कोणतं जनावर, कुठल्या बाजूने आणि किती लांबून, यावर येऊन थांबतो.

याचं दुसरं टोक आफ्रिकेत होतं. कॉर्बेटच्याच काळातला वॉल्टर बेल, लोक त्याला करामोजो बेल म्हणत, याने हजारावर हत्ती मारले, आणि त्यातले बरेचसे याच पॉइंट २७५ ने. हत्तीला एवढीशी गोळी! पण बेल पूर्ण कवचाची गोळी वापरायचा, आणि हत्तीचं डोकं करवतीने कापून मेंदू नेमका कुठे असतो हे त्याने आधी पाहून घेतलं होतं. कवचवाली गोळी वाकत नाही, फुलत नाही, हाड भेदून मेंदूपर्यंत जाते. त्याने हस्तिदंतासाठी मारले, त्याचं कौतुक आज करवत नाही. पण त्याचं पाहून पुष्कळ नवशिक्यांनी लहान रायफली हत्ती-गव्यावर नेल्या आणि जनावरं जखमी करून सोडली. त्यांनी रायफल बेलची घेतली, करवत घेतली नाही.

कॉर्बेटकडे परत येऊ. १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत रुद्रप्रयागच्या बिबट्याने १२५ माणसं मारली. केदार-बद्रीच्या यात्रेचा रस्ता तो. १९२१ मध्ये अलकनंदेच्या पुलावर दोन तरुण अंमलदारांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या होत्या, त्यातली एक पायाला लागून गेली. तो वाचला, आणि पुलावर, सापळ्यावर, मचाणाखाली कसं जायचं नाही हे शिकला. विषसुद्धा पचवलं त्याने. कॉर्बेट महिनोन् महिने मागे होता. शेवटी १९२६ च्या मे महिन्यात गुलाबराईच्या आंब्यावर बसला. खाली बकरी, तिच्या गळ्यात घंटा. दहा रात्री कोऱ्या गेल्या. अकराव्या रात्री घंटा जोरात वाजली, त्याने बॅटरी लावली, उजेड नेमका बिबट्यावर पडला, चाप ओढला, आणि बॅटरी तिथेच विझली. दुसरा बार शक्यच नव्हता. रात्रभर अंधारात बसून राहिला. सकाळी थोड्याच अंतरावर बिबट्या मेलेला सापडला. एक गोळी, पॉइंट २७५ ची.

१९३० मध्ये चौगढची वाघीण. ६४ बळी. त्या दिवशी कॉर्बेटच्या डाव्या हातात पाखराची दोन अंडी होती, संग्रहासाठी उचललेली. खडकाच्या कोपऱ्यावरून वळला आणि मागे पाहिलं तर आठ फुटांवर वाघीण बसलेली. जरा झटका दिला असता तर ती अंगावर आलीच असती. त्याने एका हाताने रायफल इतकी सावकाश फिरवली की वाघिणीची नजर त्याच्या डोळ्यांवरून हलली नाही, आणि रायफल खांद्याला न लावताच चाप ओढला. गोळीने मणका आणि काळजाचा वरचा भाग नेला. त्याच्या हातात हलकी २७५ च होती. मोठी दुनळी एका हाताने अशी फिरवून दाखवावी कोणी! अंडी फुटली नाहीत, ती त्याने परत घरट्यात नेऊन ठेवली.

ठाकचा नरभक्षक १९३८ चा, तेव्हा वय ६३. तिथे मात्र त्याने जड ४५० / ४०० नेली होती. हट्ट नव्हता त्याचा, दाट झाडीत आणि जवळून काम पडणार असेल तर तो मोठी गोळी निवडायचा.

तोवर त्याच्या खांद्यावर कॅमेरा जास्त दिसू लागला होता. वाघांची चित्रफीत काढायला दिवसच्या दिवस ओढ्यात बसायचा. १९३६ मध्ये रामगंगेच्या काठी देशातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं त्यात त्याचा हात होता. आधी हेली, मग रामगंगा आणि त्याच्या मृत्यूनंतर कॉर्बेट, अशी त्याची नावं बदलत गेली. छोटी हल्द्वानी नावाचं गाव त्याने वसवलं आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून सगळ्या गावाला कित्येक किलोमीटरची दगडी भिंत बांधून दिली. रानडुकरांचा उपाय गोळीत नाही, भिंतीत आहे, हे कोणी सांगितलं तर एका नामांकित शिकाऱ्याने. आपल्या धानाच्या बांधावर रात्र रात्र जागणाऱ्यांनी तेवढं ऐकून ठेवावं, बाकी भिंतीचा खर्च कोण देणार ते वेगळं.

आपल्याशी त्याचा एक धागा आहे, तो फार कोणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, ब्रह्मदेशच्या जंगलात लढायला जाणाऱ्या जवानांना जंगल शिकवायला त्याला लेफ्टनंट कर्नलचा हुद्दा देऊन छिंदवाड्याला आणलं. छिंदवाडा म्हणजे तेव्हाचा मध्य प्रांत, राजधानी नागपूर, आपला चांदा जिल्हाही त्याच प्रांतात. सातपुड्याच्या याच सागवानी रानात ६९ वर्षांचा म्हातारा पोरांना पावलाचा ठसा वाचायला आणि पाखराच्या ओरडण्यावरून माणूस ओळखायला शिकवत होता. त्याच वर्षी त्याचं कुमाऊंच्या नरभक्षकांचं पुस्तक ऑक्सफर्डच्या मुंबई शाखेने काढलं आणि ते जगभर गेलं.

१९४७ च्या अखेरीस तो आणि बहीण मॅगी केनियाला गेले, न्येरी गावी. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. १९५२ च्या फेब्रुवारीत ट्रीटॉप्सच्या झाडावरच्या घरात राजकन्या एलिझाबेथ मुक्कामाला होती त्या रात्री पहाऱ्याला कॉर्बेट बसला होता. त्याच रात्री तिचे वडील वारले आणि ती राणी झाली. १९ एप्रिल १९५५ ला कॉर्बेट हृदयविकाराने गेला. न्येरीच्या चर्चच्या आवारात त्याला पुरलं.

आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकार बंद झाली. आज वाघ माणसावर आला तर वनखातं आधी बेशुद्धीचा डार्ट मारायचं बघतं, आणि तिथेही नेम चुकला तर पुढचं सगळं तेच, चवताळलेलं जनावर आणि काठ्या घेऊन जमलेला गाव.

ती २७५ ची रायफल कॉर्बेटच्या मागे त्याच्या प्रकाशकांकडे राहिली. २०१५ मध्ये रिग्बी कंपनीने ती परत विकत घेतली. पुढच्या वर्षी ती भारतात आणली आणि छोटी हल्द्वानीतही नेली. चांदीची पट्टी अजून दस्त्यावर आहे.